देवाचे पाचारण आणि नोकरीचा राजीनामा

इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका परिचारिका भगिनीच्या पत्राला हे उत्तर आहे. पत्र मोठे आहे. त्याचा आशय असा. घराणे मूळचे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले, आजोबांच्या वेळेपासून इंदुरात स्थायिक झालेले. घरची प्रार्थना मराठीत, मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना हिंदीत. गेल्या वर्षी एका कन्व्हेन्शनच्या, म्हणजे काही दिवस चालणाऱ्या ख्रिस्ती प्रवचनसभेच्या, शेवटच्या रात्री वक्त्याने, देव आज इथे कोणाला तरी पूर्णवेळ सेवेसाठी बोलावतो आहे, असे म्हटले आणि त्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून बायबलमधल्या यशयाच्या सहाव्या अध्यायातले "मला पाठव" हे शब्द त्यांच्या मनातून जात नाहीत. वडील म्हणतात, घराचे हप्ते फिटेपर्यंत राजीनाम्याचे नाव काढू नकोस. कन्व्हेन्शनमधले काही परिचित म्हणतात, उशीर करणे म्हणजे देवाची आज्ञा टाळणाऱ्या योना संदेष्ट्यासारखे पळून जाणे. भगिनी विचारतात की हे पाचारण देवाचे आहे की कामाने आलेल्या थकव्याचे, हे ओळखायचे कसे. आणि आयुष्यभर नोकरीच करणारा ख्रिस्ती माणूस पाचारण न झालेला, म्हणजे एक पायरी खालचा, समजायचा का.

भगिनी, ख्रिस्तात सलाम. मी पाळकसेवेतून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या कामातून, निवृत्त झालेला माणूस आहे आणि सेवेसाठी पुढे येणाऱ्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे तुमच्यासारखी पत्रे मला नवी नाहीत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिला नीट मांडताही येत नाही.

पाचारण झालेला माणूस म्हणजे नोकरी सोडून बायबल कॉलेजात गेलेला माणूस, असा एक समज आपल्या मंडळ्यांत पक्का रुजला आहे. साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव मंडळीपुढे मांडताना, लोक सांगतात की मी बँकेत होतो आणि मग देवाने मला पाचारण केले. जणू बँकेत असेपर्यंत देव त्यांच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. नव्या करारात हे असे दिसत नाही. रोमच्या आणि करिंथच्या मंडळ्यांना लिहिताना प्रेषित पौल 'पाचारण झालेले' हे वर्णन सरसकट सगळ्या विश्वासणाऱ्यांना लावतो, आणि त्या मंडळ्यांत दास होते, कारागीर होते, विधवा होत्या, घरदार सांभाळणारी माणसे होती. करिंथकरांना तर तो आठवण करून देतो की तुम्हाला पाचारण झाले तेव्हा तुमच्यात जगाच्या दृष्टीने ज्ञानी, बलवान किंवा कुलीन असे फारसे कोणी नव्हते. हे पाचारण ख्रिस्ताकडे येण्याचे आणि त्याचे होऊन राहण्याचे आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला ते झालेले आहे. कॅथलिक मंडळीनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, नोव्हेंबर १९६४ मध्ये संमत झालेल्या मंडळीविषयक दस्तऐवजात, पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे हे सांगण्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले. तेव्हा तुम्हाला पाचारण झाले आहे की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. त्या पाचारणाला तुम्ही आयसीयूत राहून उत्तर द्यायचे की दुसऱ्या जागी जाऊन, एवढेच ठरवायचे उरते.

मार्कच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग आहेत, ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या अध्यायात शिमोन आणि आंद्रिया गालील समुद्रात जाळे टाकत असताना येशू त्यांना बोलावतो आणि ते जाळी टाकून निघतात. याकोब आणि योहान तर आपल्या बापाला, जब्दीला, चाकरांबरोबर तारवात सोडून जातात. कन्व्हेन्शनमधली बहुतेक भाषणे याच उताऱ्यावर होतात. पुढे पाचव्या अध्यायात, समुद्राच्या पलीकडच्या काठावर, कबरांमध्ये राहणारा आणि साखळ्या तोडणारा एक माणूस बरा होतो. कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला तो गावकऱ्यांना दिसतो. येशू तारवात चढू लागतो तेव्हा हा माणूस विनवणी करतो की मला तुमच्याबरोबर राहू द्या. येशू त्याला येऊ देत नाही. घरी जा, आपल्या माणसांत जा, प्रभूने तुझ्यावर कशी दया केली ते त्यांना सांग, असे सांगून तो त्याला परत पाठवतो. एकांना तारू सोडायला सांगितले आणि दुसऱ्याला तारवात पाय ठेवू दिला नाही. यांपैकी कोणाचे पाचारण वरचे, असा भेद मार्क कुठेही करत नाही. मला तर दुसऱ्याचे काम अधिक अवघड वाटते, कारण ज्या लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधून ठेवले होते त्यांच्यातच त्याला जाऊन राहायचे होते. पूर्णवेळ सेवेची हाक देणाऱ्या वक्त्यांनी हे दोन्ही उतारे एकाच रात्री वाचावेत अशी सूचना मी अनेकदा केली आहे. ती अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

मध्ययुगीन युरोपातही आपल्यासारखीच अडचण झाली होती. मठात जाणारे तेवढे पाचारण झालेले आणि बाकीचे सगळे नुसते संसारी, अशी विभागणी तिथे शतकानुशतके चालली. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० च्या सुमारास तिच्यावर घाव घातला: बाप्तिस्म्याने सगळेच ख्रिस्ती याजक होतात, आणि चांभार, लोहार, शेतकरी हे आपापल्या कामातून शेजाऱ्याची सेवा करतात तेव्हा ते काम देवापुढे मठवाशाच्या कामाहून कमी ठरत नाही. दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने पुढे प्रत्येकाच्या कामाला देवाने नेमून दिलेली चौकी म्हटले. रात्रपाळी संपताना तुम्ही दुसऱ्या सिस्टरला चार्ज देता, कोणत्या पेशंटचा ताप दोन वाजता चढला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाच्या मुलाला सकाळी आठच्या आत फोन करायचा आहे हे एकेक सांगता, त्यात काही राहून गेले तर एखाद्याच्या जिवावर बेतते म्हणून पुन्हा फाईल उघडून पाहता. हे सगळे लूथरच्या म्हणण्याप्रमाणे उपासनाच आहे. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस लिहिलेले वाक्य मुळात दासांना उद्देशून आहे, हे आपण सहसा विसरतो. तुमच्या शहरालाही हे नवे नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशन १८७७ मध्ये माळव्यात आले आणि १८८४ मध्ये त्यांच्या पहिल्या महिला डॉक्टर, एलिझाबेथ बीटी, इंदुरात दाखल झाल्या. रोग्याची नाडी पाहणे हेच आपले पाचारण, असे मानून त्या इतक्या लांब आल्या होत्या.

तरीही लूथर-कॅल्व्हिनचा हा विचार आपल्या मातीत जसाच्या तसा उचलून आणायला मी कचरतो. नेमून दिलेल्या जागी राहा, त्यातच देवाची सेवा आहे, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी ऐकले होते. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घराण्यांपैकी बहुसंख्य महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. गावची मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोहोचवणे, वेशीवर पहारा करणे हीच तुमची नेमलेली कामे, असे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. अशा घरातल्या मुलीला मिशनच्या शाळेने आणि नर्सिंगच्या शिक्षणाने त्या चौकटीबाहेर आणले असेल, तर ते बाहेर येणेही पाचारणच होते. पौल पहिल्या करिंथकरांसच्या सातव्या अध्यायात, ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहा असे म्हणतो खरा, पण लगेच दासाला उद्देशून सांगतो की मोकळे होण्याची संधी मिळाली तर ती घे. एक वाक्य वाचून दुसरे गाळणाऱ्यांपासून सावध राहावे. पाचारणाच्या नावाखाली कोणी तुम्हाला अन्याय सोसायला सांगू लागला, तुटपुंज्या पगारात दुप्पट पाळ्या करणे हीच सिस्टरची सेवा असे म्हणू लागला, तर ते पाचारण नव्हे. ती व्यवस्थापनाची सोय आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. थकवा आणि पाचारण यांची गल्लत होते, हे तुम्ही स्वतःच ओळखले आहे, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. ज्याला काम असह्य झाले आहे त्याला कुठलेही दुसरे आयुष्य पवित्र दिसू लागते, आणि आपण ख्रिस्ती असलो की त्या दुसऱ्या आयुष्याला आपण सहजच सेवा म्हणतो. या बाबतीत मला इग्नेशियस लोयोलाइतका उपयोगी मार्गदर्शक दुसरा सापडलेला नाही, जरी मी प्रोटेस्टंट असलो आणि तो येशूसंघाचा संस्थापक. हा स्पॅनिश सरदार १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाहायचा, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना तितकीच गोड लागत. फरक नंतर जाणवे. पहिल्यानंतर मन कोरडे पडायचे, दुसऱ्यानंतर शांती टिकून राहायची. त्यावरून त्याने पारख करण्याचे जे नियम बांधले त्यांतले दोन तुम्हाला थेट लागू पडतात. मन खचलेले, अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा एक. दुसरा कमी माहीत आहे: देवाचा स्पर्श खरा असला तरी त्यानंतरच्या उबेत आपले स्वतःचे बेत त्यात मिसळतात, आणि त्या बेतांनाही आपण देवाचाच शब्द समजून बसतो, म्हणून तो स्पर्श आणि त्यामागून सुचलेले बेत वेगवेगळे करून तपासावेत.

म्हणजे त्या रात्री तुम्ही उभ्या राहिलात, त्यात देवाचा हात असू शकतो, आणि नोकरी सोडण्याचा निष्कर्ष तरीही तुमचा स्वतःचा असू शकतो. लागोपाठच्या रात्रपाळ्यांच्या आठवड्यात राजीनामा लिहू नका आणि कन्व्हेन्शनहून परतल्याच्या आठवड्यातही लिहू नका. हक्काची रजा घ्या, झोपा, आईच्या हातचे जेवा, आणि मग बघा की ती ओढ तशीच आहे का. विश्रांतीनंतर ती ओसरली तर लाज वाटण्याचे कारण नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचा शब्द त्याला त्यानंतर, होरेबावर, ऐकू आला.

विश्रांतीनंतरही ओढ टिकली तर पुढचा प्रश्न विचारा: ही ओढ मला कोणाकडे नेते आहे? समितीवर असताना मला सर्वांत जास्त कळले ते याच प्रश्नातून. एक तरुण आला होता. त्याची साक्ष ऐकण्यासारखी होती, स्वप्न, आवाज, वचन, सगळे अगदी तारीखवार. समितीतल्या एका वयस्क बाईंनी त्याला विचारले की तुमच्या मंडळीत सध्या आजारी कोण आहे. त्याला एकही नाव सांगता आले नाही. पुढे थोडे विचारल्यावर दिसले की त्याच्या मनातल्या सेवेच्या चित्रात व्यासपीठ होते, माईक होता, समोर गर्दी होती. चेहरा असलेले माणूस एकही नव्हते. दुसऱ्या एका उमेदवाराला साक्ष धड सांगताच येत नव्हती. तो कचेरीत कारकून होता, बोलताना अडखळायचा. पण त्याच्या मंडळीतल्या वृद्ध स्त्रिया न बोलावता समितीला भेटायला आल्या होत्या, आणि त्यांचा आग्रह होता की याला पाठवा, पण शिकून झाल्यावर आमच्याकडेच परत पाठवा. देवाने मोशेला बोलावले ते मिसरातल्या लोकांचा आक्रोश ऐकून. झुडपातला अग्नी हे त्या आक्रोशाकडे वळवण्याचे निमित्त होते. तुमच्या मनातल्या "मला पाठव"च्या पुढे कोणाकडे हा शब्द आला आहे का, ते प्रामाणिकपणे पाहा. तिथे आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढणारे नातेवाईक दिसत असतील, तर कदाचित तुम्हाला जायचे आहे ती जागा तुमच्या वॉर्डापासून पंधरा पावलांवर आहे.

आणखी एक गोष्ट कन्व्हेन्शनमध्ये सांगितली जात नाही. पवित्र शास्त्रात पाचारण झालेल्या माणसाला ते बहुधा एकट्याने कळत नाही. शमुवेलाला हाक ऐकू येत होती, पण ती कोणाची हे त्याला कळेना. तीनदा तो एलीकडे धावला, आणि ज्याची स्वतःची दृष्टी मंद झाली होती त्या म्हाताऱ्या याजकानेच त्याला, "बोल, तुझा दास ऐकत आहे" असे म्हणायला शिकवले. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला, तरी पुढे काय करायचे हे त्याला हनन्याकडून कळले. आणि अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, बर्णबा आणि पौल यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कॅल्व्हिन पाळकसेवेसाठी अंतरीचे पाचारण आणि मंडळीकडून होणारे बाहेरचे पाचारण अशी दोन अंगे सांगतो, आणि त्याच्या स्वतःच्या बाबतीत दुसरेच आधी आले. १५३६ मध्ये एका मुक्कामापुरता जिनिव्हात थांबलेल्या त्या अभ्यासू माणसाला तिथल्या फारेल या सुधारक उपदेशकाने अक्षरशः शापाचा धाक घालून ठेवून घेतले.

आपल्या देशातले सर्वांत परिचित उदाहरण मदर तेरेसांचे आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेत त्यांना गरिबांतल्या गरिबांमध्ये राहून सेवा करण्याचे पाचारण झाले. हा दिवस सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतर काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. त्यांनी ते आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला सांगितले. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांनी घाई करण्यास नकार दिला. प्रश्न विचारले गेले, पत्रे झाली, आणि परवानगी मिळून लॉरेटोचा मठ त्यांनी सोडला तो ऑगस्ट १९४८ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. त्यानंतरही त्या आधी पाटण्याला गेल्या आणि तिथल्या मेडिकल मिशन सिस्टर्सकडून रुग्णसेवेचे प्राथमिक शिक्षण घेऊन आल्या. जे शिकायला त्यांना पाटण्याला जावे लागले ते तुमच्या हाताला आधीच येते, एवढे सहज लक्षात आणून देतो. या विलंबात पाचारण विझले नाही. आणि जे विझते ते देवाचे होते असे म्हणणे कठीण आहे.

योनाची भीती घालणाऱ्यांना म्हणूनच माझे सांगणे आहे की त्यांनी ते चार अध्याय पुन्हा वाचावेत. योनाला शहराचे नाव सांगितले होते, निनवे. निरोपही सांगितला होता. आणि ते स्पष्ट कळल्यामुळेच तो याफोला जाऊन उलट्या दिशेच्या जहाजात बसला. तुमच्याजवळ ना शहराचे नाव आहे, ना निरोप. तुम्ही विचारत आहात, प्रार्थना करत आहात, आणि पत्रे लिहीत आहात. याला पळणे म्हणत नाहीत.

वडिलांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त दुखरी जागा तीच आहे. लूथर २ जुलै १५०५ रोजी वादळात सापडला, वीज जवळ कोसळली आणि भीतीने त्याने संत अ‍ॅनला नवस केला की वाचलो तर मठवासी होईन. दोन आठवड्यांत तो एरफुर्टच्या मठात दाखल झाला. त्याला वकील करण्यासाठी पैसा खर्च केलेला बाप, हान्स, संतापला. १५०७ मध्ये याजक झालेल्या मुलाने चालवलेल्या पहिल्या मिस्साला (उपासनाविधीला) तो आला तेव्हा त्याने सरळ विचारले की तो विजेचा प्रसंग सैतानाची फसवणूक नसेल कशावरून, आणि आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तू वाचली नाहीस का. हे बोलणे लूथरला जन्मभर टोचत राहिले, आणि १५२१ मध्ये मठाच्या शपथांविरुद्धचे पुस्तक त्याने याच बापाला अर्पण केले. बाप सगळ्याच बाबतीत बरोबर होता असे मी म्हणत नाही. पण भीतीच्या क्षणी केलेल्या नवसाबद्दल त्याने जो प्रश्न विचारला तो मठातल्या कोणी विचारला नव्हता.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मराठी मंडळीच्या अगदी काळजातली आहे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा नातलगांकडे होते. त्या काळात त्या बाईंनी काय सोसले ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. देवाने टिळकांना बोलावले याबद्दल मला शंका नाही. पण त्या पाचारणाची किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाने आधी मोजली, हेही तितकेच खरे. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यामागून फरफटत जाऊन नव्हे. जातिभेद माणसाने केले, देवाने नाहीत, हे त्यांना त्यांच्या वेळी आणि त्यांच्या रीतीने कळले. तुमच्या वडिलांनाही त्यांची वेळ द्या. ते हप्त्यांविषयी बोलतात तेव्हा अविश्वासाने बोलतात असे गृहीत धरू नका. कर्ज कोणाच्या नावावर आहे, किती उरले आहे, तुमच्या पगाराविना घर कसे चालेल, धाकट्या भावंडांचे काय, हे कागदावर मांडून त्यांच्यासमोर बसा. आईबापांच्या उपयोगी पडायचे ते देवाला अर्पण केले असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना येशूने काय सुनावले, ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. मात्र हप्ते फिटल्यावर लग्न, लग्नानंतर प्लॉट, अशी अटींची रांग लागू लागली, तर त्या वेळी वडिलांना नम्रपणे थांबवणे हेही तुमचेच काम असेल.

पाचारण खरे ठरल्यावर सगळे गोड होते, ही अपेक्षाही काढून टाका. मदर तेरेसांची पुढे प्रसिद्ध झालेली पत्रे सांगतात की संस्था सुरू झाल्यावर दशकानुदशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. तुमच्या जवळचे उदाहरण म्हणजे सिस्टर राणी मारिया. केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवणे, सरकारी योजनांची माहिती देणे, बचतीची सवय लावणे, असे रोजचे, कागदपत्रांचे काम त्या करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा त्यांच्या मरणाविषयी पुष्कळ बोलले गेले. मला त्यांच्या आधीच्या तीन वर्षांचे अप्रूप अधिक वाटते. ती जागा त्यांना नेमून दिलेली होती, आणि तिथल्या लोकांच्या कर्जाचे आकडे त्यांनी आपले मानले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. तुम्ही कोणत्या मंडळीच्या सभासद आहात हे पत्रात नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, जी सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. त्यासाठी आधी स्थानिक पाळकीय समितीची शिफारस, मग धर्मप्रांताची मुलाखत, मग जबलपूरच्या लिओनार्डसारख्या एखाद्या थिऑलॉजिकल कॉलेजात शिक्षण, अशी वाट असते. त्या वाटेवर लगेच पाऊल टाकण्याआधी दोन गोष्टी नोकरीत राहूनच करता येतील. आपल्या पाळकांना सांगून आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळीतल्या आजारी आणि एकट्या माणसांच्या भेटींसाठी ठेवा, आणि हे निदान सहा महिने कोणाला न सांगता करा. दुसरे, सेरामपूर विद्यापीठाच्या सिनेटचा घरी राहून करता येण्याजोगा ख्रिस्ती अध्ययनाचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा. (हे बंगालमधले सेरामपूर, तुमच्या मूळ जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, पोस्टाने एकदा माझे पत्र तिकडे नेले होते.) शास्त्राचा शिस्तीने अभ्यास करणे तुम्हाला मानवते का, हे त्यातून कळेल. प्रार्थनेची आवड आणि अभ्यासाची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाळकाला दोन्ही लागतात. पाळकपदाखेरीज रुग्णालयातली चॅप्लेनची, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्या सेवकाची, सेवा आहे, आडगावातली मिशन रुग्णालये आहेत, जिथे प्रशिक्षित सिस्टर मिळणे कठीण झाले आहे. तीही दारे ठोठावून पाहा.

एवढे करून समितीने नाही म्हटले, तर त्या नकारालाही उत्तर म्हणून ऐका. आशिया प्रांतात जाण्याला पौलाला आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिले नाही, आणि दोन दारे बंद झाल्यावर तो त्रोवसला पोहोचला, जिथे रात्री त्याला मासेदोनियाचा माणूस दिसला. समितीने होय म्हटले, तर नोटिशीची मुदत पूर्ण करा, आणि तुमच्या जागी येणाऱ्या मुलीला काम शिकवूनच निघा. नर्सिंग कौन्सिलमधली नोंदणी मात्र काहीही झाले तरी चालू ठेवा आणि तिचे नूतनीकरण चुकवू नका. पौल प्रेषित झाल्यानंतरही करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, आणि आपण कोणावर भार टाकला नाही हे त्याने मंडळ्यांना पुन्हा पुन्हा लिहिले आहे.